मांजरसुंब्याच्या माळावर झाड लावताना

बीडहून सोलापूरकडे जाताना घाट चढला की मांजरसुंबा लागतं. बालाघाटाच्या या माळावर वीतभर माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. पावसाचा भरवसा नाही. तरीही इथे झाडं जगतात. बीडजवळच्या पालवणच्या उजाड डोंगरावर ‘सह्याद्री देवराई’ उभी राहिली. तिथेच फेब्रुवारी २०२० मध्ये पहिलं वृक्षसंमेलन भरलं आणि अध्यक्षपदाचा मान वडाच्या झाडाला मिळाला. आपल्या माळावर जूनमध्ये लावलेल्या रोपाची खरी परीक्षा पुढच्या उन्हाळ्यात होते. म्हणून झाडं मोजायची ती पुढच्या मृगाला.

काय करावे

- आधी पाणी मोजावे. मे महिन्यात आठवड्याला किती बादल्या पाणी वाहता येईल, याचा हिशेब करून तेवढेच खड्डे घ्यावेत.
- खड्डे उन्हाळ्यातच घ्यावेत. दीड ते दोन फूट लांब, रुंद आणि खोल. वरची माती एका बाजूला, मुरूम दुसऱ्या बाजूला टाकावा. खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून पाहावं. दुसऱ्या दिवशीही ते तसंच साचलेलं असेल, तर पहारीने तळ फोडावा.
- भरताना वरची माती मुळांशी जाऊ द्यावी. तिच्यात एक-दोन घमेली चांगलं कुजलेलं शेणखत मिसळावं.
- दोन-तीन चांगले पाऊस होऊन ओल खोलवर गेली की लावावे. पिशवी ब्लेडने उभी चिरून काढावी, मातीचा गोळा फुटू देऊ नये. तळाशी गुंडाळलेली मुळं कापावीत.
- उतारावर चंद्रकोर करावी. रोपाच्या खालच्या अंगाला मातीचा अर्धगोल बांध घातला, की वरून येणारं पाणी तिथेच मुरतं.
- इथली झाडं निवडावीत. लिंब, चिंच, वड, करंज, बोर, आपटा. झुडपांत करवंद, निरगुडी, तरवड. सीताफळ तर बालाघाटाचंच. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही आहे. त्याच्या पाल्याला शेळी तोंड लावत नाही, म्हणून राखण नसलेल्या डोंगरावरही ते टिकतं.
- मडकं पुरावे. रोपापासून हातभर अंतरावर भाजलेलं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरावं आणि झाकण ठेवावं. पाणी पाझरत मुळांपर्यंत जातं, उन्हाने उडून जात नाही.
- आळ्यात पाचट, पालापाचोळा पसरावा. खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी ठेवावी.

काय टाळावे

- उंच, लुकडं रोप घेऊ नये. माळावरच्या वाऱ्यात ते आडवं होतं. गुडघाभर उंचीचं, जाड खोडाचं रोप लवकर मूळ धरतं.
- खोड मातीत गाडू नये. रोप पिशवीत होतं तेवढंच खोल लावावं. कलमाचा जोड जमिनीच्या वर राहिला पाहिजे.
- कच्चं शेणखत घालू नये. त्याने वाळवी येते.
- तारेने बांधू नये. काठीला सुतळीने सैल बांधावं. तार खोडात रुतते.
- रोज तांब्याभर पाणी घालू नये. मुळं वरच्या वर राहतात आणि उन्हात करपतात. आठवड्यातून एकदाच, पण भरपूर द्यावं.
- पावसाळा आहे म्हणून निर्धास्त राहू नये. जुलै-ऑगस्टमध्ये उघडीप लांबली तर पाणी द्यावं.
- कुंपणाशिवाय सोडू नये. बाभळीच्या किंवा बोरीच्या फांद्या लावल्या तरी पुरे. सीताफळ वाचलं, तरी लिंबाचं कोवळं रोप शेळीच्या एका घासाचं.
- विजेच्या तारांखाली मोठं झाड लावू नये. तिथे करवंद, तरवड लावावं.
- मेलेल्या रोपाची जागा सोडून देऊ नये. खड्डा घेतलेला आहे, माती मुरलेली आहे, मडकं पुरलेलं आहे. पुढच्या मृगाला तिथेच पुन्हा लावावं.