र्‍होड्स बेटाचा पाठ

(वाचावयाचा भाग: प्रेषितांची कृत्ये २१:१)



प्रेषित पौल यरुशलेमेकडे परत जात असता, सुमारे इ. स. ५७ मध्ये, त्याचे गलबत कोस बेटाहून निघून दुसऱ्या दिवशी र्‍होड्स येथे आले व तेथून पातरा बंदरास गेले. लूक याहून अधिक काही सांगत नाही. वर्गात आपण हे नाव वाचतो आणि पुढे जातो. परंतु हे बेट आजही आहे, आणि देशोदेशींचे लाखो लोक दरसाल ते पाहावयास जातात. तेव्हा आज आपणही मनाने तेथे उतरू. आणि परक्या गावी गेलेल्या पाहुण्याने काय पाहावे व कसे पाहावे, हे शिकू.

१. पाखरांची दरी. र्‍होड्स हे ग्रीस देशाचे बेट असले, तरी तुर्कस्तानचा किनारा तेथून अवघ्या सुमारे १८ किलोमीटरांवर आहे. बेटाची लांबी सुमारे ८० किलोमीटर. मध्यभागी डोंगर, अंगावर देवदारासारखी सूचिपर्णी झाडे, जैतून व द्राक्षमळे. पश्चिमेकडे एक गर्द, ओलसर दरी आहे. उन्हाळ्यात बाहेर रान तापले म्हणजे हजारो पतंग गारव्यासाठी या दरीत येऊन खडकांस व झाडांच्या खोडांस चिकटून बसतात. बसलेला पतंग काळसर, पट्ट्यापट्ट्यांचा दिसतो. तो उडाला की आतील तांबडे पंख झळकतात. तो रंग पाहण्याच्या हौसेने पूर्वी पाहुणे टाळ्या पिटीत व शिट्या घालीत. परंतु या दिवसांत पतंग काही खात नाहीत. अंगातील साठ्यावरच जगतात. वारंवार उडविले म्हणजे तो साठा सरतो, आणि अंडी घालण्यापूर्वीच त्यांचा अंत होतो. म्हणून आता तेथे गडबड करण्यास मनाई आहे. सुंदर वस्तूची नासाडी नेहमी शत्रूच करतो असे नाही. कौतुक करणाराही करतो.

२. पडलेला पुतळा. इ. स. पूर्वी ३०५ साली देमेत्रियस नावाच्या सेनापतीने र्‍होड्स नगरास वेढा दिला. तो वेढा फसला. आणि मागे राहिलेली त्याची युद्धयंत्रे विकून नागरिकांनी आपल्या सूर्यदेवाचा सुमारे ७० हात उंच काशाचा पुतळा उभारला, असे जुने ग्रंथकार सांगतात. जगातील सात आश्चर्यांत त्याची गणना होत असे. बंदराच्या दोन्ही तीरांवर पाय ठेवून तो उभा होता, असे चित्र पुष्कळ पुस्तकांत असते. ते मात्र खरे नव्हे. सुमारे अर्ध्या शतकानेच भूकंपात तो गुडघ्यांतून मोडून पडला. पौलाच्या काळातला रोमी ग्रंथकार प्लिनी हा त्या पडलेल्या तुकड्यांचे वर्णन करतो. म्हणजे पौलाचे गलबत आले, तेव्हा तो पुतळा जमिनीवरच पडलेला होता. विजयाची खूण म्हणून जे उभारले, ते इतके थोडे टिकले.

३. दगडांचे नगर. इ. स. १३०९ च्या सुमारास संत योहानाच्या संघाचे सरदार येथे आले. त्यांनी भक्कम तट बांधला; शिवाय रोग्यांसाठी मोठे रुग्णालय उभारले. त्या इमारतीत आज पुराणवस्तूंचे संग्रहालय आहे. १५२२ मध्ये तुर्कांच्या सुलतान सुलेमानाने सुमारे सहा महिन्यांच्या वेढ्यानंतर बेट घेतले. तेव्हापासून मशिदींचे मनोरे चर्चच्या घुमटांशेजारी उभे राहिले. १९१२ मध्ये इटलीचा अंमल आला, आणि १९४७ च्या तहाने बेट ग्रीसकडे गेले. हे जुने नगर १९८८ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. दक्षिणेस लिंदोस गावी उंच खडकावर अथेना देवीचे प्राचीन देऊळ आहे, व खाली निळे पाणी असलेली लहानशी खाडी आहे. पौल तेथेच उतरला, असे गावकरी सांगतात. त्या परंपरेस मान द्यावा. परंतु लूकाने जे लिहिले नाही, ते शास्त्रवचन म्हणून वर्गात शिकवू नये.

४. रिकामा मोहल्ला. येथवर पाहून बहुतेक पाहुणे परततात. आपण मात्र तटाच्या आतच पूर्वेकडे थोडे चालू. येथे १५७७ मध्ये बांधलेले यहूद्यांचे सभास्थान आहे. स्पेन देशाने १४९२ मध्ये घालवून दिलेल्या यहूद्यांचे वंशज या गल्ल्यांतून राहत, आणि शेकडो वर्षांनंतरही घरात आपली जुनी स्पॅनिश बोलीच बोलत. ग्रीक, तुर्क आणि यहूदी एकाच बाजारात खरेदी करीत. १९४३ मध्ये जर्मन सैन्याने बेट ताब्यात घेतले. जुलै १९४४ मध्ये त्यांनी सुमारे १,७०० यहूद्यांना, म्हाताऱ्यांपासून तान्ह्या लेकरांपर्यंत, होड्यांत कोंबून नेले व पुढे आगगाडीने आउशविट्झच्या मृत्युछावणीत पाठविले. जिवंत राहिले ते सुमारे दीडशे. त्या चौकास आज हुतात्मा यहूद्यांचा चौक म्हणतात.

त्या दिवसांत तुर्कस्तानचा वकील म्हणून सेलाहत्तीन उल्कुमेन नावाचा मुसलमान गृहस्थ तेथे नेमलेला होता. तो जर्मन अधिकाऱ्याकडे गेला, आणि तुर्की नागरिक असलेले यहूदी व त्यांचे कुटुंबीय सोडून द्या, असा त्याने आग्रह धरला. सुमारे चाळीस जीव वाचले. त्याच्यापाशी सैन्य नव्हते. हुद्दा होता, तो त्याने शेजाऱ्यासाठी खर्ची घातला.

बंधूंनो, येथे आपण ख्रिस्ती लोकांनी मान खाली घालून थांबले पाहिजे. ज्यांनी हे केले, त्यांच्या देशात मंडळ्यांची वाण नव्हती. तट राहिला, देऊळ राहिले, सभास्थानही राहिले. प्रार्थना करणारे मात्र नेले गेले. ज्या ठिकाणी दगड जपले जातात पण शेजारी जपला जात नाही, तेथे वारसा पुरता उरला असे आम्ही म्हणणार नाही.

जुलै २०२३ मध्ये याच बेटावर मोठा वणवा पेटला. सुमारे १९,००० माणसे, बहुतेक परदेशी पाहुणे, सुरक्षित जागी हलवावी लागली. तेव्हा गावकऱ्यांनी होड्या काढल्या, अन्नपाणी पुरविले, घरे उघडली. नाव-गाव न विचारता दिलेला तो आसरा त्या बेटाच्या कोणत्याही पुतळ्याहून उंच होय.

वर्गात विचारावयाचे प्रश्न:

१. कौतुकाच्या भरात आपल्या हातून कशाची हानी होते?

२. उल्कुमेनापाशी काय होते, आणि आपल्यापाशी काय आहे?

३. आपल्या गावात आज कोणाचे घर रिकामे आहे, आणि ते का, हे आपण कधी विचारले आहे काय?