नळदुर्गचा पाणीमहाल पाहताना

मुलांनो, युरोपात ॲमस्टरडॅम नावाचे शहर आहे. ॲमस्टेल नदीवर तेथील लोकांनी बांध घातला. बांधाला त्यांच्या भाषेत 'डॅम' म्हणतात. त्यावरून शहराचे नाव पडले ॲमस्टरडॅम. इसवी सन १६१३ मध्ये या शहरात मोठमोठे कालवे खणायला सुरुवात झाली. ते कालवे पाहायला आज जगभरातून लोक येतात आणि नावेत बसून शहरभर फिरतात.

त्याच १६१३ साली, म्हणजे हिजरी सन १०२२ मध्ये, आपल्या मराठवाड्यातही नदीवर एक नवल उभे राहिले. ते म्हणजे नळदुर्ग किल्ल्यातील पाणीमहाल.

नळदुर्ग धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूर तालुक्यात आहे. सोलापूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या महामार्गावर, सोलापूरपासून सुमारे ४५ ते ५० किलोमीटरवर हे गाव लागते. किल्ल्याजवळून बोरी नदी वाहते. नदीच्या एका बाजूला मुख्य किल्ला आणि दुसऱ्या बाजूला रणमंडळ नावाचा लहान किल्ला आहे. विजापूरचा सुलतान दुसरा इब्राहिम आदिलशहा याच्या काळात या दोन किल्ल्यांच्या मध्ये दगडी धरण बांधले गेले. बांधणारा म्हणून मीर महंमद इमादीन याचे नाव सांगतात. धरणामुळे किल्ल्याला पाणी मिळाले आणि नदी ओलांडायला वाटही झाली.

खरी गंमत धरणाच्या पोटात आहे. पायऱ्या उतरून गेले, की आत एक सुंदर दालन लागते. हाच पाणीमहाल. नदी भरली, की धरणावरून दोन धबधबे खाली कोसळतात. त्यांना 'नर' आणि 'मादी' म्हणतात. पाणी महालाच्या समोरून पडते. आत उभा असलेला माणूस मात्र कोरडा राहतो!

हे सर्व पाहायला तुम्हीही कधीतरी जाल. मग काही गोष्टी आधीच लक्षात ठेवा.

पहिली गोष्ट, केव्हा जावे? ॲमस्टरडॅमच्या कालव्यांत बारा महिने पाणी असते. आपल्याकडे तसे नाही. नदीच्या वरच्या बाजूला बोरी धरण आहे. ते भरून वाहू लागले, की धबधबे सुरू होतात. पाऊस कमी झाला, तर त्या वर्षी धबधबे दिसतही नाहीत. म्हणून पावसाळ्याच्या शेवटी, नळदुर्गच्या कोणाला तरी विचारून निघावे. पाणी नसले तरी निराश होऊ नका. मग धरणाचे बांधकाम नीट पाहता येते.

दुसरी गोष्ट, सकाळीच पोहोचा. किल्ला फार मोठा आहे. उंच उपळी बुरूज चढायचा, त्यावरील लांब तोफा पाहायच्या, तर अर्धा दिवस सहज जातो. पिण्याचे पाणी व शिदोरी बरोबर घ्या.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पाण्याशी खेळू नका. पायऱ्यांवर शेवाळ असते. घसरणार नाही असेच पायताण घाला. लहान भावंडांचा हात सोडू नका. वरून पाणी केव्हा वाढेल, हे खाली उभे राहून कळत नाही. फोटोसाठी काठावर जाऊ नका आणि धबधब्याकडे पाठ करून उभे राहू नका. फोटो पुन्हा काढता येतो, गेलेला जीव परत येत नाही.

चौथी गोष्ट खास तुमच्यासाठी आहे. पाणीमहालात फारसी शिलालेख आहे. तुम्ही उर्दू वाचता, म्हणून त्याची लिपी तुमच्या ओळखीची आहे. अर्थ सगळा कळणार नाही, अक्षरेही वळणदार आहेत. पण एखादे 'अलिफ', एखादे 'लाम' तुम्हांला नक्की सापडेल. ते बोटाने घासू नका, नुसते दाखवा. बरोबरच्या मराठी मित्रांना ते वाचता येत नाही. तुम्ही त्यांना मराठीत समजावून सांगा.

आजूबाजूला पाहा. जुन्या वास्तूंच्या भिंतींवर कोणी खिळ्याने, कोणी कोळशाने आपले नाव लिहिलेले असते. ज्यांनी धरण बांधले, त्यांचे नाव लोक ४०० वर्षांनंतरही घेतात. भिंतीवर नाव खरडणाऱ्याला कोण ओळखतो? शिलालेखाचे एक अक्षर फुटले, तर ते पुन्हा तसे कोणालाही कोरता येणार नाही.

म्हणून मुलांनो, नळदुर्गला अवश्य जा. पोटभर पाहा आणि वास्तू जशी होती तशीच पुढच्यांसाठी ठेवून या.

शब्दार्थ
नवल – आश्चर्य वाटावी अशी गोष्ट
दालन – मोठी खोली
शिदोरी – प्रवासात बरोबर नेलेले जेवण
शेवाळ – ओल्या दगडावर वाढणारा हिरवा, निसरडा थर
पायताण – चप्पल, बूट
शिलालेख – दगडावर कोरलेला मजकूर

स्वाध्याय
१. ॲमस्टरडॅम हे नाव कसे पडले?
२. धरण बांधल्यामुळे कोणते दोन फायदे झाले?
३. नर-मादी धबधबे दरवर्षी का दिसत नाहीत?
४. 'फोटो पुन्हा काढता येतो, गेलेला जीव परत येत नाही.' असे लेखक का म्हणतो?
५. तुमच्या गावाजवळची एखादी जुनी वास्तू पाहायला येणाऱ्यांसाठी पाच सूचना मराठीत लिहा.