रोहिणीकाठचे कोलिय



शाक्यांचे नाव आपल्या घरातील लहान मुलांनाही ठाऊक असते. परंतु शाक्यांचे शेजारी आणि सोयरे असलेले कोलिय लोक आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत आहेत. आजच्या पाठात या छोट्या समाजाचा इतिहास पाहू. त्यांची कथा आपल्या संसाराशी जवळून भिडते.

रोहिणी नदी आजच्या नेपाळातून वाहत येऊन गोरखपूरजवळ राप्तीला मिळते. तिच्या एका तीरावर शाक्य आणि दुसऱ्या तीरावर कोलिय राहत. दोघांचीही राज्ये गणपद्धतीची होती आणि दोघांचीही शेती या एकाच नदीवर अवलंबून होती. त्यांच्यात रोटीबेटी व्यवहार होता. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सिद्धार्थाची आई महामाया ही देवदह गावच्या कोलियाची कन्या असल्याचे लिहिले आहे. म्हणजे कोलिय हे सिद्धार्थाचे आजोळ होय.

असे असूनही पाण्यावरून तंटा झाला. पाली अट्ठकथा सांगतात की, ज्येष्ठ महिन्यात पिके सुकू लागली तेव्हा बंधाऱ्याचे पाणी आधी कोणी घ्यायचे यावरून दोन्हीकडचे शेतमजूर हमरीतुमरीवर आले. तंटा पाण्याचा, पण शिव्या मात्र कुळावरून! पालीत ‘कोल’ म्हणजे बोर. ‘तुमचे पूर्वज बोरीच्या ढोलीत जनावरांसारखे राहत होते’, असे शाक्यांनी हिणवले. ‘तुमच्या पूर्वजांनी आपल्या बहिणींशीच संसार केला’, असे कोलियांनी सुनावले. पाणी बाजूला राहिले आणि जन्माचा अभिमान शस्त्रे घेऊन उभा राहिला. भगवान बुद्ध तेथे आले. पाण्याचे मोल किती आणि माणसाच्या रक्ताचे मोल किती, एवढेच त्यांनी विचारले. दोन्ही पक्ष निरुत्तर झाले.

बाबासाहेबांनी हा तंटा सिद्धार्थाच्या गृहत्यागापूर्वीचा मानला आहे. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थ घर सोडून गेला, ही परंपरागत कथा त्यांच्या बुद्धीला पटली नाही. त्यांच्या ग्रंथानुसार शाक्य संघाने युद्धाचा ठराव मांडला, तेव्हा सिद्धार्थाने एकट्याने विरोध केला. दोन शाक्य व दोन कोलिय निवडावेत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि या पाचांनी निवाडा करावा, असे त्याने सुचविले. बहुमत युद्धाच्या बाजूने गेले. ठराव न मानल्यास घराण्यावर बहिष्कार आणि शेतजमिनीची जप्ती असा धाक होता. बहिष्कार म्हणजे काय, हे आपल्या वाडवडिलांना वेगळे सांगायला नको. आपल्यामुळे घरच्यांना शिक्षा नको म्हणून सिद्धार्थाने परिव्रज्या पत्करली. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेणाऱ्या बाबासाहेबांना रोहिणीच्या पाण्याचा अर्थ कळला, यात नवल ते काय?

पुढे कोलियांच्या गावांत तथागत अनेकदा गेले. हलिद्दवसन या गावी पुण्ण नावाचा कोलियपुत्र गोव्रत पाळीत असे, म्हणजे गाईसारखे वागत असे. अशा व्रताने माणूस वर जात नाही, फार तर गाईच्या गतीला जातो, असे भगवंतांनी त्याला स्पष्ट सांगितले. नवस, उपास आणि अंगात येणे अजून ज्यांच्या घरातून गेलेले नाही, त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

कक्करपत्त गावच्या दीघजाणू या कोलियाने विचारले, ‘आम्ही मुलाबाळांत राहणारे संसारी माणसे, आमच्या हिताचे सांगा.’ भगवंतांनी चार गोष्टी सांगितल्या : कष्टाने व कौशल्याने काम करणे, मिळविलेले राखणे, चांगल्यांची संगत धरणे आणि मिळकत पाहून खर्च करणे. मग तळ्याचा दृष्टांत दिला. येणारी तोंडे बंद केली, जाणारी उघडी ठेवली आणि पाऊसही पडला नाही, तर तळे आटते. संसाराचे पाणी बाहेर नेणारी तोंडे चार : बाहेरख्याली, दारू, जुगार आणि कुसंगत. पाण्यासाठी भांडलेल्या समाजाला पाणी राखण्याचा हा धडा मिळाला.

तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर अस्थींचे आठ भाग झाले. त्यांतील एक रामग्रामच्या कोलियांना मिळाला. त्यावर त्यांनी स्तूप बांधला. अशोकाने इतर स्तूप उघडून अस्थी सर्वत्र वाटल्या, पण रामग्रामचा स्तूप उघडला नाही, अशी परंपरा आहे. फाहियान आणि ह्युएनत्संग या चिनी यात्रेकरूंनी त्याची नोंद केली आहे. नेपाळातील परासीजवळचा मातीचा मोठा उंचवटा हाच तो स्तूप मानला जातो.

कोलियांचे गणराज्य गेले, कुळाचा अभिमानही गेला. मागे राहिला तो स्तूप आणि दीघजाणूला मिळालेला उपदेश. तेव्हा सार्वजनिक नळावर किंवा बांधावर भांडण निघाले, तर आधी पाच जण बसवा, आणि कोणाच्याही जन्मावर बोलू नका.

घरी चर्चेसाठी प्रश्न :
१. रोहिणीचा तंटा वाढण्याचे खरे कारण कोणते?
२. सिद्धार्थाने सुचविलेला पाच जणांचा मार्ग आपल्या वस्तीत कोठे उपयोगी पडेल?
३. आपल्या घरच्या तळ्याचे कोणते तोंड उघडे आहे?

जयभीम.