बालकांतील मधुमेह : प्रतिकारपेशी स्वकीय प्रथिने कशी ओळखतात?

आपल्या चिकित्सालयात येणारे बहुसंख्य मधुमेही प्रौढ व स्थूल असतात. त्यामुळे एखादे कृश बालक अतिमूत्रता व तृष्णा घेऊन आले, तर निदान हुकण्याचा संभव असतो. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे नऊ वर्षांची एक मुलगी आणण्यात आली. कोणाच्या तरी सल्ल्यावरून पालकांनी चार दिवसांपूर्वी तिचे इन्सुलिन बंद केले होते. श्वास खोल व जलद, मुखास फळासारखा वास, मूत्रात कीटोन. तत्काळ रुग्णालयात पाठविल्याने ती वाचली. इन्सुलिन बंद करणे येथे इतके घातक का, हे समजण्यासाठी व्याधीच्या मुळाशी जावे लागते.

स्वादुपिंडातील बीटा पेशींचा नाश येथे शरीराच्याच टी-पेशी करतात. टी-पेशीला अखंड प्रथिन ओळखता येत नाही. प्रत्येक पेशी आपल्या प्रथिनांचे लहान तुकडे करून ते एचएलए नामक रेणूंच्या खोबणीत बसविते व पृष्ठभागावर मांडते. तुकडा आणि खोबणी या जोडीसच टी-पेशीचा ग्राहक ओळखतो. उरोस्थीमागील थायमस ग्रंथीत या पेशींची परीक्षा होते. तेथे इन्सुलिनही अल्प प्रमाणात दाखविले जाते आणि त्यास घट्ट चिकटणाऱ्या बहुतेक पेशी नष्ट केल्या जातात.

मग चूक कोठे होते? इन्सुलिनच्या बी-साखळीतील ९ ते २३ हा भाग डीक्यू८ या प्रकारच्या खोबणीत सैल बसतो. सैल मांडलेला तुकडा परीक्षेत नीट दिसत नाही व त्यास ओळखणाऱ्या पेशी निसटतात. या खोबणीतील ५७व्या स्थानी अ‍ॅस्पार्टिक आम्ल नसेल तर धोका वाढतो, हे १९८७ मध्ये दाखविले गेले. २०१६ मध्ये आणखी एक विलक्षण गोष्ट पुढे आली. बीटा पेशीत प्रोइन्सुलिनचा तुकडा दुसऱ्याच प्रथिनाच्या तुकड्यास जोडला जातो. असा संकरित तुकडा थायमसमध्ये दाखविला जात नसावा. साहजिकच टी-पेशीस तो परका वाटतो. मला हे स्पष्टीकरण सर्वाधिक पटते, जरी ते एकमेव नाही.

रक्तात इन्सुलिन, जीएडी, आयए-२ व झिंक वाहक प्रथिन यांविरुद्ध प्रतिपिंडे सापडतात. ती प्रामुख्याने साक्षीदार होत, मारेकरी टी-पेशीच. दोन वा अधिक प्रतिपिंडे असलेल्या बालकांपैकी सुमारे ७० टक्क्यांना दहा वर्षांत मधुमेह होतो. टेप्लिझुमॅब हे औषध २०२२ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. ते व्याधी सुमारे दोन वर्षे लांबविते, बरी करीत नाही.

सुश्रुतांनी सहज प्रमेह वेगळा मानला व चरकांनी बीजदोषजन्य प्रमेह असाध्य म्हटला. साम्य मोहक आहे, पण या व्याधीस सरसकट सहज प्रमेह म्हणणे मला घाईचे वाटते. एकसारख्या जुळ्यांपैकी एकास हा व्याधी झाला तरी दुसऱ्यास होतोच असे नाही.

गुडमार, जांभूळबीज, विजयसार ही द्रव्ये प्रौढ मधुमेहात आपण योजतोच. परंतु जेथे बीटा पेशीच उरलेल्या नाहीत तेथे ती इन्सुलिनची जागा घेऊ शकत नाहीत. औषधविक्रेत्यांनी अशा बालकाच्या पालकांस ‘इन्सुलिन सोडविणारे’ चूर्ण देऊ नये. कृश बालकात वरील लक्षणे दिसताच त्याच दिवशी रक्तशर्करा व मूत्रातील कीटोन तपासावेत, आणि कीटोन आढळल्यास औषधाची पुडी न बांधता रुग्णालयाची चिठ्ठी लिहावी.