स्थानकाची पाटी : अक्षर, रंग आणि नाव

रेल्वेचा इतिहास आपण इंजिने, पूल, बोगदे आणि घाट यांच्या संदर्भात वाचतो. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे ही गाडी धावली, पुढे बोरघाट आणि थळघाट फोडण्यात आले, हे शालेय पुस्तकातही असते. परंतु फलाटाच्या टोकाला दोन खांबांवर उभी असलेली, गावाचे नाव सांगणारी पाटी मात्र आपल्या अभ्यासाचा विषय होत नाही. प्रस्तुत लेखात या उपेक्षित पाटीचाच विचार करावयाचा आहे. ती कोणत्या अक्षरात लिहावी, कोणत्या रंगात रंगवावी आणि तिच्यावर नेमके कोणते नाव असावे, हे तीन प्रश्न वरवर किरकोळ दिसतात. वस्तुतः त्यांत कला, व्यवहार आणि राजकारण ही तिन्ही गुंतलेली आहेत.

पाटीचे कार्य

पाटीचा वाचक हा पुस्तकाच्या वाचकाहून वेगळा असतो. तो धावत्या गाडीत, गर्दीत, कित्येकदा रात्री आणि पावसात, खिडकीच्या गजांतून वाचत असतो. त्याला वाक्य वाचावयाचे नसते, एकच शब्द ओळखावयाचा असतो. आणि तोही काही क्षणांत, कारण त्यावर उतरावे की बसून राहावे हा निर्णय अवलंबून असतो. म्हणूनच पाटीचे यश तीन गोष्टींवर ठरते. पाटी चटकन सापडली पाहिजे, तिच्यावरील अक्षर दुरून ओळखू आले पाहिजे आणि प्रत्येक स्थानकावर तिचे रूप सारखे असले पाहिजे. या तिसऱ्या गुणालाच आपण प्रमाणीकरण म्हणतो. एकदा पाटीचे रूप डोळ्यांत बसले की नव्या गावातही प्रवासी तिला शोधत बसत नाही.

लंडनचा धडा

या प्रश्नाचा पद्धतशीर विचार प्रथम जेथे झाला, त्यांत लंडनच्या भुयारी रेल्वेचे स्थान मोठे आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथील फलाटांच्या भिंती साबण, चहा आणि औषधे यांच्या जाहिरातींनी भरून गेल्या होत्या. स्थानकाचे नावही त्याच भिंतीवर असे, आणि त्या गर्दीत ते हरवून जाई. १९०८ च्या सुमारास यावर उपाय निघाला. लाल रंगाची भरीव तबकडी आणि तिच्यावर आडवी निळी पट्टी, त्या पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत स्थानकाचे नाव. जाहिराती बहुधा चौकोनी असतात. त्यांत गोल आकार आपोआप उठून दिसतो, हे यामागील साधे तत्त्व होते.

या कामामागे फ्रँक पिक हा दूरदृष्टीचा अधिकारी होता. जाहिरातींना ठराविक जागा नेमून देऊन त्याने भिंतीवर शिस्त आणली. परंतु केवळ आकाराने भागणार नाही, अक्षरही स्वतःचे हवे, हे त्याने ओळखले. त्यासाठी त्याने एडवर्ड जॉन्स्टन या सुलेखनकाराला पाचारण केले. बोरूच्या लेखनाची जुनी विद्या पुन्हा जागी करणारा हा कलावंत. त्याने १९१६ मध्ये भुयारी रेल्वेसाठी जी अक्षरमाला दिली, तिची रेघ सर्वत्र जवळजवळ सारख्या जाडीची होती आणि अक्षरांच्या टोकांना फाटे नव्हते. पण तिची प्रमाणे प्राचीन रोमन शिलालेखांतील मोठ्या अक्षरांवरून घेतलेली होती. ‘ओ’ हे अक्षर जवळजवळ पूर्ण वर्तुळ होते आणि छोट्या ‘आय’वरील टिंब हिऱ्याच्या आकाराचे होते. लहान ‘एल’ला खाली एक बाक दिला होता, म्हणजे ते मोठ्या ‘आय’शी गोंधळत नसे. सौंदर्य आणि उपयुक्तता यांचा मेळ कसा घालावा, याचा हा वस्तुपाठच होय. पुढे १९७९ मध्ये एइइची कोनो या जपानी अक्षररचनाकाराने आणि त्यानंतर २०१६ मध्येही या अक्षरमालेची सुधारित आवृत्ती करण्यात आली. मूळचा घाट मात्र आजही लंडनमध्ये दिसतो.

जॉन्स्टनचा शिष्य एरिक गिल याने १९२८ मध्ये ‘गिल सॅन्स’ हा टाइप दिला. जॉन्स्टनची अक्षरे एका रेल्वेपुरती राखून ठेवलेली होती, गिलचा टाइप मात्र बाजारात कोणालाही मिळत असे. लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेने तो लगेचच स्वीकारला आणि पाट्यांपासून वेळापत्रकापर्यंत सर्वत्र वापरला.

एका देशाची एक पाटी

१ जानेवारी १९४८ रोजी ब्रिटनमधील रेल्वे सरकारच्या मालकीची झाली. तोपर्यंत प्रत्येक कंपनीची पाटी निराळी होती. आता सहा विभाग झाले आणि सर्वांसाठी एकाच आकाराची, एनॅमल चढविलेली लोखंडी पाटी ठरली. रंग मात्र विभागानुसार वेगळे ठेवले : पश्चिमेला तपकिरी, दक्षिणेला हिरवा, पूर्वेला गडद निळा, ईशान्येला नारिंगी, लंडन मिडलंडला किरमिजी आणि स्कॉटलंडला फिकट निळा. अक्षर सर्वत्र गिल सॅन्स. एकरूपतेच्या आत प्रादेशिक ओळख जपण्याचा हा मार्ग लोकांना भावला असावा. त्या पाट्या काढल्या गेल्यावर संग्राहकांनी त्यांना लिलावात मोठ्या किमती दिल्या.

दुसरा टप्पा १९६५ चा. त्या वर्षी ‘ब्रिटिश रेल’ हे नवे नाव, जेराल्ड बार्नी याने रेखाटलेले दुहेरी बाणांचे चिन्ह आणि ‘रेल अल्फाबेट’ ही नवी अक्षरमाला एकदमच आली. अक्षरमाला जॉक किनीअर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट यांची. याच जोडीने ब्रिटनच्या रस्त्यांवरील फलकही घडविले होते. त्या वेळी मोठा वाद झाला होता, तो केवळ मोठी अक्षरे वापरावीत की मोठी-लहान मिसळून. किनीअरचे म्हणणे असे की, लहान अक्षरांच्या दांड्या वर-खाली जातात, त्यामुळे शब्दाला स्वतःचा आकार येतो आणि वाचक अक्षरे सुटी न वाचता तो आकारच ओळखतो. डेव्हिड किंडर्सली या गिलच्या शिष्याने मोठ्या अक्षरांचा पक्ष घेतला. प्रत्यक्ष चाचणीत किंडर्सलीची अक्षरे किंचित सरस ठरली, तरी दोहोंतील फरक अल्प असल्याने दिसण्याच्या कसोटीवर किनीअरचीच रचना राहिली.

१९६५ च्या योजनेत एक व्यावहारिक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. पाटी रंगविणारा कारागीर अक्षरकलेत निष्णात असेलच असे नाही. म्हणून प्रत्येक अक्षराला त्याच्या रुंदीचा एक चौकोन नेमून दिला. चौकोनाला चौकोन लावत गेले की अक्षरांमधील अंतर आपोआप बरोबर पडे. या सर्व नियमांची जाड पुस्तिकाच तयार झाली. प्रमाणीकरण म्हणजे एक सुंदर नमुना काढणे एवढेच नसून तो नमुना दुसऱ्या कोणाच्याही हातून न बिघडता उतरेल अशी सोय करणे, हा या प्रकरणातील खरा बोध आहे.

मात्र या व्यवस्थेने काही हिरावूनही घेतले. विभागांचे रंग गेले. सर्वत्र पांढऱ्यावर काळे अक्षर आले. गैरसमज कमी झाले आणि गावोगावची ओळखही पुसट झाली. १९९० च्या दशकात रेल्वे पुन्हा खाजगी कंपन्यांकडे गेल्यावर ज्याची त्याची पाटी निराळी होऊ लागली. दुहेरी बाणाचे चिन्ह तेवढे सर्वांत टिकून राहिले.

आपली पिवळी पाटी

आता आपल्या देशाकडे वळू. पिवळ्या पार्श्वभूमीवर काळी अक्षरे ही भारतीय रेल्वेची पाटी लहान मुलालाही ओळखता येते. या दोन रंगांतील भेद अतिशय ठळक असल्याने ती दुरून आणि मंद उजेडातही वाचता येते. मोठी पाटी फलाटाच्या दोन्ही टोकांना असते, कारण गाडी ज्या बाजूने येईल त्या बाजूच्या प्रवाशाला नाव आधी दिसले पाहिजे. मधल्या डब्यांसाठी फलाटावर ठिकठिकाणी लहान पाट्या असतात.

अनेक पाट्यांवर समुद्रसपाटीपासूनची उंचीही लिहिलेली असते. ही उंची पाहून चालक गाडीचा वेग ठरवितो, असे आवडीने सांगितले जाते. परंतु चढ-उतार दाखविण्यासाठी रुळांच्या कडेला स्वतंत्र खांब असतात, आणि चालकाला आपल्या मार्गाची माहिती आधीच असावी लागते. एका स्थानकाच्या उंचीवरून पुढचा चढ कळणेही शक्य नाही. तेव्हा या आकड्याचे नाते मार्ग आखताना झालेल्या मोजणीशी जोडणे अधिक सयुक्तिक होय.

देवनागरीचा प्रश्न

आपल्या पाटीवर सामान्यतः प्रदेशाची भाषा, हिंदी आणि इंग्रजी अशा तीन भाषा असतात. म्हणजे लंडनच्या पाटीला जे काम एकदा करावे लागते, ते आपल्या पाटीला तेवढ्याच जागेत तीनदा करावे लागते.

त्यात देवनागरीच्या काही खास अडचणी आहेत. रोमन मोठी अक्षरे एकाच उंचीची असतात, त्यामुळे दिलेली सर्व उंची त्यांना वापरता येते. देवनागरीत वेलांटी, मात्रा, रफार वर जातात, उकार खाली जातो. म्हणून त्याच पट्टीत मूळ अक्षर बरेच लहान काढावे लागते. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘ब’ आणि ‘व’ यांतील भेद अगदी लहानशा गाठीवर किंवा रेघेवर अवलंबून असतो. रेघ जाड काढली की आतील पोकळी बुजते, आणि बारीक काढली की अक्षर दुरून दिसत नाही. उलट काही सोयीही आहेत. शिरोरेषा शब्दाला बांधून ठेवते. आपल्याकडे मोठ्या-लहान अक्षरांचा वादच संभवत नाही, कारण शब्दाचा आकार मात्रा आणि उकारच घडवितात. या गुणदोषांचा विचार करून खास पाटीसाठी, दुरून वाचण्यासाठी देवनागरी घडविणे हे स्वतंत्र शास्त्र आहे. मुंबईत र. कृ. जोशी यांच्यासारख्या सुलेखनकार-अध्यापकांनी देवनागरी अक्षररचनेला अभ्यासाची शिस्त दिली. तीच दृष्टी फलाटापर्यंत पोहोचली पाहिजे. २०२३ मध्ये रेल्वे मंत्रालयाने स्थानकांवरील फलकांच्या प्रमाणीकरणाची पुस्तिका प्रसिद्ध केली, हे या दिशेने टाकलेले पाऊल म्हणता येईल.

नाव कोणाचे?

अक्षर आणि रंग यांहूनही अवघड प्रश्न नावाचा. महाराष्ट्रात मराठी आणि हिंदी या दोन्हींची लिपी एकच असल्याने ‘दादर’ हे नाव पाटीवर दोनदा अगदी सारखेच येते. हा निव्वळ पुनरुक्तीचा प्रकार, असे कोणी म्हणेल. परंतु ‘वांद्रे’ आणि ‘बांद्रा’, ‘परळ’ आणि ‘परेल’ या जोड्या पाहिल्या की दोन ओळींचे महत्त्व कळते. पहिली ओळ गाव स्वतःला काय म्हणते ते सांगते; दुसरी ओळ इतरांच्या तोंडी ते कसे रुळले आहे ते सांगते. ‘परळ’मधील ‘ळ’ पुसला गेला तर एका अक्षराबरोबर उच्चारांची एक परंपराच पुसली जाईल.

नावाची पाटी किती स्फोटक होऊ शकते, याचे उदाहरण तमिळनाडूत घडले. तेथील कल्लक्कुडी या गावच्या स्थानकाला एका उद्योगपतीच्या नावावरून डालमियापुरम म्हणत. १९५३ मध्ये मु. करुणानिधी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाटीवर ‘कल्लक्कुडी’ असा कागद चिकटविला आणि रुळांवर आडवे होऊन निदर्शने केली. त्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात माणसे मृत्युमुखी पडली. मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस १९९६ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले आणि २०१७ मध्ये त्यात ‘महाराज’ या शब्दाची भर पडली. २०१८ मध्ये एल्फिन्स्टन रोडचे प्रभादेवी झाले. प्रत्येक बदलात पाटी, तिकीट आणि वेळापत्रक बदलावे लागते. प्रवाशाच्या जिभेवरचे नाव मात्र सावकाश बदलते.

समारोप

प्रमाणीकरण आणि स्थानिक ओळख यांत विरोध आहे असे समजण्याचे कारण नाही. आकार, रंग, अक्षराचा घाट, अंतर आणि जागा या गोष्टी देशभर सारख्या असाव्यात, कारण त्यांवर परक्या माणसाची सोय अवलंबून आहे. नाव मात्र तेथील माणसांचे, त्यांच्या उच्चाराचे आणि त्यांच्या शुद्धलेखनाचे असावे. पिक आणि जॉन्स्टन यांनी प्रवाशाच्या डोळ्यांचा विचार केला. आपल्याला डोळ्यांबरोबर तीन भाषांचाही विचार करावयाचा आहे. काम कठीण आहे, पण भाषा आणि कला यांचा एकत्र अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला याहून उपयुक्त विषय क्वचितच सापडेल. आणि त्याची साधनसामग्री जवळच्या कोणत्याही फलाटावर उभी आहे.