हुकूम आणि जबाबदारी

खोडी काढून 'मला त्याने सांगितले होते' असे म्हटले, तर शिक्षा टळते का? हाच प्रश्न एकदा मोठ्या न्यायालयापुढे आला.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीच्या नाझी सरकारने सुमारे ६० लाख ज्यू लोकांची हत्या केली. युद्ध संपल्यावर, २० नोव्हेंबर १९४५ रोजी, न्यूरेंबर्ग शहरात नाझी पुढाऱ्यांवर खटला सुरू झाला. आपण तर हुकमाचे ताबेदार होतो, असे काही आरोपींचे म्हणणे होते. न्यायालयाने ते मानले नाही. हुकूम वरून आला, तरी गुन्हा तो गुन्हाच!

मात्र हा सूड नव्हता. आरोपींना वकील मिळाले. पुरावे तपासले गेले. १९४६ मध्ये २२ जणांचा निकाल लागला. १२ जणांना फाशीची व ७ जणांना तुरुंगवासाची शिक्षा झाली. ३ जण निर्दोष सुटले.

जिंकलेल्या देशांच्या गुन्ह्यांचा विचार मात्र तेथे झाला नाही. २००२ पासून हेग येथे कायमचे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय आहे. पण अनेक देश अजून त्याचे सदस्य नाहीत. कायदा सर्वांना सारखा नको का?

शब्दार्थ : ताबेदार – हुकूम पाळणारा, सूड – बदला, निर्दोष – बेकसूर.

विचार करा : तिघे निर्दोष सुटले, यावरून काय समजते?