तुळशीच्या लग्नाआधीची हिरवळ

नवरात्र आलं की नाशिक महामार्गावर पडघ्यापासून मानकोलीपर्यंतच्या ‘लॉन्स’वाल्यांची झोप उडते. तुळशीचं लग्न लागलं की माणसांची लग्नं सुरू, आणि चार महिने पावसात भिजलेलं मैदान अजून पिवळं, बुळबुळीत. मग नर्सरीवाल्याला फोन जातो, दोन गाड्या गवताचं कार्पेट येतं, मुरमाच्या भरावावर तसंच अंथरलं जातं आणि मार्गशीर्षापर्यंत त्याची चटई होते. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

घटस्थापनेपासून तुळशीच्या लग्नापर्यंत जवळपास सहा आठवडे मिळतात. मुळं जिवंत असतील तर जुनी हिरवळ तेवढ्यात उभी राहते. सिलेक्शन वन म्हणून विकली जाते ती आपल्या हरळीचंच भावंड. बांधावरची हरळी एका पावसात भातात कशी घुसते, हे इथल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. मेक्सिकन आणि कोरियन ही झोयशिया वंशातली गवतं. ती गादीसारखी दाट होतात, पण भरतात सावकाश. तिन्ही उन्हाळी गवतं. 25 ते 35 अंशांत ती जोमात वाढतात, पारा 15 च्या खाली उतरला की थबकतात. परदेशी पुस्तकांत त्यांच्या हिवाळी झोपेवर पानंच्या पानं असतात. आपल्याकडे थंडी ती केवढी! इथं या गवताचा खरा वैरी पावसाळाच: ढगांमुळे ऊन नाही, मुळांशी पाणी तुंबलेलं, आणि त्यात कुणीतरी टाकलेला युरिया.

सुरुवात सळईने करा. सहा इंच खूण केलेली लोखंडी सळई ओल्या जमिनीत हाताने दाबत मैदानभर फिरा. कडेला ती सहज आत जाते. स्टेजसमोर, प्रवेशद्वारापाशी, जेवणाच्या रांगा लागतात तिथं दोन इंचांवरच अडते. तिथं कितीही खत घाला, गवत पिवळंच राहणार, कारण मुळांना हवा नाही. तेवढ्या भागात काट्याच्या फावड्याने चार इंच खोल, वीतभर अंतरावर भोकं पाडा. काटा आत घालून थोडा मागे-पुढे हलवायचा, माती उलटायची नाही. मग चाळलेली रेती आणि कुजलेलं शेणखत निम्मं-निम्मं मिसळून झाडूने भोकांत भरा. थर अर्ध्या इंचाच्या वर नको, पाती उघडी दिसली पाहिजेत.

रेतीबद्दल थोडं सांगायला हवं. काल्हेर-कशेळीच्या बाजूला खाडीची रेती हाताशी असते, म्हणून ती टाकायचा मोह होतो. तिच्यात मीठ असतं. एक अख्खा पावसाळा उघड्यावर धुऊन निघालेला ढीग असेल तर वापरा, नाहीतर नको. खाडीलगतच्या गावांत बोअरचं पाणीही मचूळ लागतं. हरळी आणि झोयशिया थोडा खारेपणा सोसतात, पण त्यावर पालाशसाठी म्युरेट ऑफ पोटॅश टाकू नका. तिथं सल्फेट ऑफ पोटॅश बरं.

भोकं पाडून आठवडा झाला, जोराच्या सरी थांबल्या, की खत. हिशेब सोपा आहे: सिलेक्शन वनला गुंठ्याला एक किलो युरिया आणि अर्धा किलो पोटॅश, मेक्सिकन-कोरियनला युरिया निम्माच. गवत कोरडं असताना फोकायचं आणि लगेच पाणी द्यायचं. दव पडलेल्या पात्यावर युरिया चिकटला की डाग पडतात. दुसरा हप्ता महिन्याने. लग्नाच्या आदल्या आठवड्यात रंग यावा म्हणून पुन्हा युरिया टाकणारे पाहिलेत. गवत लुसलुशीत होतं आणि पहिल्याच वऱ्हाडाखाली लोळतं. रंगच हवा असेल तर दहा लिटर पाण्यात 50 ग्रॅम हिराकस विरघळवून फवारा. फक्त फरशीवर उडू देऊ नका, गंजाचे डाग निघत नाहीत.

कापणीत बहुतेकांचं चुकतं. पावसात वीतभर वाढलेलं गवत एकाच दिवशी तळाशी कापलं की खालची पिवळी कांडं उघडी पडतात आणि ऑक्टोबरचं ऊन ती भाजून काढतं. एका वेळी उंचीच्या एक-तृतीयांशापेक्षा जास्त काढायचं नाही. चार-पाच दिवसांच्या अंतराने उतरत उतरत दीड इंचावर या. पात्याला धार आहे का, हे कापल्यानंतर वाकून बघा: टोकं स्वच्छ कापलेली दिसायला हवीत. पांढरट, पिंजलेली दिसली तर मशीन गवत कापत नाही, ओरबाडतंय.

याच दिवसांत अळी येते. भातावरची लष्करी अळी ओळखीची आहे. शेजारच्या खाचरातून ती हिरवळीवरही उतरते. सकाळी बगळे एकाच जागी टोचे मारताना दिसले तर तिथं पाच लिटर पाण्यात दोन मोठे चमचे भांड्यांचा साबण मिसळून हातभर चौकोनात ओता. दहा मिनिटांत अळ्या वर येतात. लहान असतील तर संध्याकाळी पाच टक्के निंबोळी अर्क पुरतो. जिथं आठ दिवसांनी पोरंटोरं लोळणार आहेत तिथं विषारी औषध मारू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. गवत गालिच्यासारखं गुंडाळून हातात आलं तर खाली हुमणी आहे. तिच्यासाठी शेणखतात मेटारायझियम ही बुरशी मिसळून ओल्या मातीत द्या. लव्हाळा मात्र नुसता उपटून जात नाही. खालची गाठ खुरप्याने काढावीच लागते. नव्या कार्पेटच्या मातीतून तो फुकट येतो, म्हणून घेताना दोन-चार तुकडे उलटे करून पाहा.

पाणी आठवड्याला एक इंच, म्हणजे गुंठ्याला सुमारे अडीच हजार लिटर. दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये चार गुंठे. रोज थोडं थोडं शिंपडण्यापेक्षा दोन वेळा भरपूर द्या, तेही पहाटे. संध्याकाळी भिजवलेलं गवत रात्रभर ओलं राहतं आणि बुरशीचे गोल चट्टे पडतात.

सीझन लागला की गालिचे, मॅट रात्रीच उचलायला लावा. सकाळपर्यंत राहिले तर खालचं गवत उबून पिवळं पडतं. केटररचं गरम पाणी आणि तेलकट खरकटं कुठं ओतायचं ते आधीच दाखवून ठेवा. स्टेजची जागा अधूनमधून बदला. कार्यक्रमानंतर पाणी द्यायचं, तीन दिवस मशीन फिरवायचं नाही.

मे महिन्यात टँकर परवडला नाही तर हिरवळ पिवळी पडू द्या. पंधरा दिवसांनी एक पाणी मिळालं तरी कांडं तग धरतात. लग्नं संपली की दाताळ्याने साठलेला वाळका थर ओढून काढा आणि जूनच्या आत चर मोकळे करा. मैदान मुरमाच्या भरावावर असेल तर वर निदान सहा इंच माती आणि एका बाजूला उतार हवा. भाताला पाणी अडवायचं, याला काढून द्यायचं. पावसाळाभर खत बंद, आणि मशीन अर्धा इंच वर उचलून ठेवा.

मैदान हरळीचं असेल तर एक कोपरा फवारणीतून कायम वगळा. भाद्रपदात दूर्वा मागायला आळीतल्या बायका येतातच.